रुखमाबाईची पात

शनिवार, १५ जानेवारी १९५५

संध्याकाळचे सात वाजून बेचाळीस मिनिटे. मूल गावच्या बाजाराच्या मैदानात, सिनेमाच्या गाडीपासून बारा पावलांवर खुर्ची टाकून मी बसले होते, आणि ही वेळ मी स्वतः टॉर्च लावून मनगटावरच्या घड्याळात पाहिली. पुढेमागे कोणी विचारले तर "दिवेलागणीनंतर केव्हातरी" असे मोघम उत्तर देणारी मी नव्हे.

त्या मिनिटाला पडद्यावर सावरटोल्याची रुखमाबाई दिसली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेली, पाय चिखलात सोडलेले. मग कंबरेत वाकून धान रोवणाऱ्या बाया दिसल्या. मग पुन्हा रुखमाबाई, बसलेलीच. पुन्हा बाया. पुन्हा रुखमाबाई, आणि या वेळी ती तोंडभर हसते आहे. वरून एका पुरुषाचा तुपाळ आवाज: "कुणाला नवी पद्धत आवडते, तर कुणाला धुऱ्यावरची विश्रांती!"

सगळे मैदान हसले. चारपाचशे माणसे तरी असतील.

रुखमाबाई माझ्या पायाशी सतरंजीवर बसली होती. खुर्चीवर बस म्हटले तर ती कधी ऐकत नाही. आधी तीही हसली. माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "बाई, मले दाखवलं पाहा!" मग तो आवाज काय म्हणाला ते तिला कळले. तिने हात काढून घेतला.

त्यानंतरचा सिनेमा मी पाहिला नाही. मी तिच्याकडे पाहत होते, आणि ती पडद्याकडे.

रविवार, १६ जानेवारी

काल रागात लिहिले, म्हणून नीट मांडून ठेवते.

सावरटोला इथून दीड कोसावर आहे. रुखमाबाईच्या तिथे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली दोन शेते, आहेत, नवरा जाऊन वीस वर्षे झाली आहेत, आणि पंधरा-सोळा बायांची रोवणीची टोळी तिच्या मागे चालते. मी नोकरीतून निवृत्त होऊन मूलला आले त्या वर्षी मला हिवतापाने गाठले. शेजारच्या गिरणीत धान भरडायला आलेली ही बाई माझे कण्हणे ऐकून आत आली आणि अकरा दिवस राहिली. तेव्हापासून गिरणीत आली की माझ्याकडे चहा. मी तिला सही शिकवली. तिने मला काय शिकवले त्याचा हिशेब मी कधी केला नाही.

गेल्या पावसाळ्यात पाच गावांच्या समितीने धानपीक स्पर्धा ठेवली. रोपे, म्हणजे इथल्या भाषेत पऱ्हे, कुठेही न खोचता दोरी ताणून ओळीत, वीतभर अंतरावर लावायची. स्पर्धक चार. तीन पुरुष आणि रुखमाबाई. समितीने नागपूरहून 'धान्यश्री चित्रमंडळ' नावाची मंडळी बोलावली. त्यांनी रोवणीपासून मळणीपर्यंत तीन खेपा येऊन चित्रे घेतली. निकाल लागला तेव्हा देवाजी पहिला आणि रुखमाबाई दुसरी. दोघांत सुपभर धानाचा फरक.

सिनेमात तिच्या दुसऱ्या नंबराचा उच्चार नाही, हे आज शेजाऱ्यांना विचारून घेतले. ती आहे ती फक्त धुऱ्यावर, आणि एका ठिकाणी वाकडेतिकडे पऱ्हे खोचताना.

आता जे लिहिते ते लिहायला जड जाते. काल ती पडद्यावर दुसऱ्यांदा बसलेली दिसली तेव्हा क्षणभर मलाही वाटले, अगं ऊठ की, बाकीच्या राबताहेत. मला, जिने तिचे हात पाहिले आहेत! बत्तीस वर्षे मुलींना शिकवून माणसे ओळखण्याचा गर्व धरला, आणि एका चादरीएवढ्या पडद्यापुढे तो टिकला नाही.

मंगळवार, १८ जानेवारी

रुखमाबाई आली नाही. गिरणीत तिच्या गावच्या बाया आल्या, त्यांना विचारले तर एकमेकींकडे पाहून हसल्या. मग मी बैलबंडी ठरवून सावरटोल्याला गेले.

वेशीजवळ चार पोरे एका दगडावर ओळीने बसली होती. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "मी धुऱ्यावरची बाई, तू रोव." तीन दिवसांत खेळ तयार! त्यांना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटच्या मदरनी ते ऐकले असते तर मला पुन्हा गुडघ्यावर बसवले असते.

रुखमाबाई अंगणात धान पाखडत होती. माझ्यासाठी खाट टाकली, पाणी दिले, आणि पुन्हा सूप हातात घेतले.

मी म्हटले, "तू तिथे बसलीस कशाला, ते आधी सांग."

"पात संपली होती नं, बाई."

पात म्हणजे एकेका बाईच्या वाट्याची रोवायची पट्टी, एवढे मला माहीत होते. "मग शेजारणीला हात लावायचा. बसायचं कशाला?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी पाटीवर दोन आणि दोन पाच लिहिले.

"दुसरीच्या पातीत पाय घालू? काऊन जी? थे तिची पात हाय. मी शिरली त थे म्हनन, मले रोवता नाई येत का? आमच्यात ज्याची पात आधी सरली तो धुऱ्यावर बसते. शेवटची बाई बाहेर येतपर्यंत बसाच लागते. उठून घरीबी जाता येत नाई." मग सूप थांबवून म्हणाली, "तुमच्या शाळेत एका पोरीचा पेपर झाला, त थे दुसरीचा लिवून देते का?"

"पटलं," मी म्हटले. असे फार वेळा होत नाही.

म्हणजे ती बसली होती, कारण ती सगळ्यांत आधी पोचली होती! धानाच्या जिल्ह्यात राहून हे मला माहीत नव्हते, तर नागपूरच्या त्या तुपाळ आवाजाला कुठून असणार? पण त्याने विचारायला हवे होते. मीही.

निघताना ती सहज म्हणाली, "औंदा मी मार्कंड्याले नाई जात."

तिची एकुलती मुलगी आशा वैनगंगेपलीकडे गडचिरोलीकडच्या गावात दिली आहे. मायलेकींची भेट वर्षातून एकदाच, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत. दोघी नदीच्या रेतीत चूल मांडून एक दिवस राहतात. गेल्या वर्षी आशाची दुसरी मुलगी पोटात होती, ती रुखमाबाईने अजून पाहिलेली नाही.

"का नाही जात?"

"थे सिनेमाची गाडी येनार हाय म्हन्तेत तिथी. तीन दिवस. आशाच्या सासरचे सारे येतेत. तिले म्हनतीन, तुही माय थेच का व?"

तिला अपमान लागला आहे. लागलाच पाहिजे. आता हा प्रश्न तिच्या प्रतिष्ठेचा आहे आणि मी तो धसास लावणार.

बुधवार, १९ जानेवारी

चित्रमंडळाला पत्र टाकले. चार पाने. सौम्य शब्द शोधले, सापडले नाहीत.

शुक्रवार, २१ जानेवारी

उत्तर नाही. रुखमाबाईही नाही. सकाळी सवयीने दोघींचा चहा ठेवला. तिचा कप गार झाला, तो मी चिडून तुळशीत ओतला आणि मग तुळशीची माफी मागितली. संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात तसेच आहेत. माझ्या दातांनी ते फुटत नाहीत.

सोमवार, २४ जानेवारी

सिनेमाची गाडी चांद्याहून परत जाताना मूलला थांबली. ती चालवणारा आणि पडदा लावणारा इसरू नावाचा माणूस आहे, बोलायला मोकळा. मी त्याला म्हटले, मला ती फिल्म हातात धरून पाहायची आहे.

"हातानं काय दिसन, बाई? थे मशीनीतच पाहाव लागते."

"मला भिंग लावून पंचांग वाचता येतं. दाखव."

त्याने थोडे आढेवेढे घेतले. मग मी लाडवांचा डबा पुढे केला. त्याचे दात चांगले आहेत. त्याने रीळ काढले आणि पट्टी उन्हाकडे धरली. नखाएवढ्या चौकटी, एकाखाली एक. मी भिंग लावले.

"हे पाहा, इथी एक चित्र सरलं, इथी दुसरं लावलं," इसरू सांगत होता. "कापाचं आन जोडाचं. कोनतं आधी घेतलं, कोनतं मंग, ह्याचा काही नेम नसते. लगन आधी दाखवतीन, सोयरीक मंग."

मी तासभर पाहिले. वाकलेल्या बायांच्या सावल्या त्यांच्या पायाखाली गोळा झालेल्या. म्हणजे भर दुपार. धुऱ्यावरच्या रुखमाबाईची सावली तिच्या अंगाच्या दीडपट लांब. म्हणजे दिवस कललेला. संध्याकाळी काम संपवून बसलेली बाई उचलून दुपारच्या राबत्या बायांच्या मध्ये नेऊन ठेवली, तीही एकदा नव्हे. एकाच बसण्याचे तीन तुकडे करून तीनदा!

आणि त्या दुपारच्या बायांत सगळ्यांच्या पुढे, पाठमोरी, खांद्यावर दोरीचे वेटोळे असलेली एक बाई आहे. तोंड दिसत नाही. दोरी खांद्यावर ठेवून रोवणारी त्या टोळीत एकच आहे. मी इसरूला भिंग दिले.

तो बराच वेळ पाहत राहिला. "आवं, हे त थेच माय हाय! म्हंजे थे बसली बी तेच आन राबली बी तेच?"

"तीच."

"मी हे फिल्लम आठ गावाईत दाखवली, बाई." त्याने पट्टी खाली घेतली. "मी बी हासलो."

मग तो वाकड्या रोवणीचा तुकडा आला. रुखमाबाई पऱ्हे कसेही खोचते आहे. मी भिंग अगदी जवळ नेले. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा गोल तुकडा दिसतो. छत्रीचा काठ. खाली पांढऱ्या लुगड्याचा सोगा.

इसरूने विचारले, "हे कोन हाय?"

मी म्हटले, कोणीतरी असेल.

मंगळवार, २५ जानेवारी

कोणीतरी नव्हे, मी होते.

ऑगस्टमध्ये ती मंडळी आली तेव्हा त्यांना गावातली बोली समजेना आणि गावाला त्यांची पुस्तकी मराठी. मी मध्ये पडले. मला ते आवडले होते, लपवून काय उपयोग? निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी मला विचारत होते, "बाई, आता काय करायचं?" त्यांचा चष्मेवाला प्रमुख म्हणाला, चारही स्पर्धक शहाणे दाखवले तर बघणार कोण? एक हुशार पाहिजे, एक कष्टाळू, एक गरीब बिचारा, आणि एक हसायला. मी काय म्हणाले? म्हणाले, "शाळेत नाटक बसवताना आम्हीही तसंच करतो." आणि दोघे हसलो. हसायला कोण, हे मी विचारले नाही.

मग त्याला 'आधीचे' आणि 'नंतरचे' हवे होते. मला ते पटले. फळ्यावर आधी चुकलेले गणित मांडायचे, मग बरोबर करून दाखवायचे, ही शिकवण्याची रीतच आहे. मी रुखमाबाईला म्हटले, थोडे वाकडे लावून दाखव.

ती नको म्हणत होती. "वाकडं काऊन लावू, बाई? त्या पऱ्ह्याचा काय गुन्हा हाय?"

"अगं, दाखवण्यापुरतं."

"धानाले का मालूम हे दाखवण्यापुरतं हाय म्हून?"

मी छत्री आपटली. तिने लावले. ती मंडळी गेल्यावर एकटी त्या बांधीत उतरली आणि प्रत्येक रोप उपटून पुन्हा ओळीत लावले. मी धुऱ्यावर उभी राहून घाई करत होते, चहाची वेळ टळत होती म्हणून. फळ्यावर चुकलेले गणित राहिले आणि सोडवलेले पुसले गेले.

आणि ते हसणे. ती नव्या पद्धतीला हसली नव्हती. माझी चप्पल चिखलात रुतली आणि मी एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिले, तेव्हा ती हसली होती. मीही हसले होते. पण मी चौकटीबाहेर.

हे तिला सांगायला हवे. आधी पत्राचा निकाल लागू दे. मग सांगेन.

बुधवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. स्पर्धेत पहिला आलेला देवाजी मुद्दाम भेटायला थांबला. मोठा सरळ माणूस. टोपी हातात घेऊन उभा.

"मोठ्या बाई, थे सिनेमात माह्या नावानं जे धान दाखवलं नं, थे माहं नाई."

"कशावरून?"

"माह्या धुऱ्यावर मोहाचं झाड कुठी आहे? मोहाचं झाड रुखमाबाईच्या बांधीवर हाय. रांगा तिच्या, आन मंधात मी हात जोडून उभा! गावातले म्हन्तेत, देवाजी, पारितोषिक तुलेच आन धान बी दुसऱ्याचं." तो अर्धवट हसला. "दोरी धराले मले तिनंच शिकवलं. मले सही कराची असन त सांगा."

म्हणजे तिचे बसणे वर आले आणि तिच्या रांगा देवाजीकडे गेल्या. इतके कौशल्य शाळेच्या नाटकात मला कधी जमले नाही.

शुक्रवार, २८ जानेवारी

उत्तर आले, पण कागदावर नाही. इसरूच्या तोंडी निरोप: "साहेब म्हन्ले का बाईले सांग, हा सिनेमा हाय, कोर्ट नाई. लोकाईले आवडला, बस झालं."

मी इसरूला म्हटले, हे लिहून दे म्हणावे. तो म्हणाला, "लिवून थे नाई देत, बाई. म्हनूनच त मले पाठवते."

शनिवार, २९ जानेवारी

नवे पत्र लिहून घेऊन सावरटोल्याला गेले. या वेळी तिच्याच नावाने लिहिले होते. तिची बाजू तिच्याच शब्दांत जावी म्हणून. रात्रभर खपून लिहिले होते. खाटेवर बसून मोठ्याने वाचले: "मी एक अल्पशिक्षित परंतु स्वाभिमानी कृषक महिला असून, सदर चित्रपटातील विपर्यस्त चित्रणामुळे माझ्या अंतःकरणास…"

"हे कोन बोलून राह्यलं, बाई?"

"तू."

"मी?" तिने पदर सावरला, जणू घरात पाहुणी आली. "थे अंत… थे काय म्हन्लं?"

"अंतःकरण. मन."

"मंग मनच म्हना नं." मग हळूच म्हणाली, "राग नका मानू जी. त्या सिनेमावाल्यानं मले आळशी केली. तुमी मले मास्तरीन करून राह्यल्या. मी कुठी आहो यात?"

मला राग आला. खरे सांगायचे तर खूप आला. चष्मा काढून पेटीत ठेवला, कागदांची घडी केली, बंडीवाल्याला हाक मारायला उठले. दारापर्यंत गेले. तिथे उभी राहिले आणि पाठमोरीच म्हणाले, "रुखमाबाई, ते वाकडं लावायला मी सांगितलं होतं. त्या चौकटीत माझी छत्री आहे."

"मले मालूम हाय."

मी वळले. "काय मालूम आहे?"

"का तुमीच म्हनल्या म्हून मी लावलं. मी का भुलली?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमाले वाईट वाटलं असतं." ती चुलीपाशी गेली, पातेल्यातून दूध काढले, आणि माझ्याकडे न पाहता बोलत राहिली. "तुमी रागानं कागद लिवून राह्यल्या. मी म्हन्लं, लिवू द्या. बाईले बरं वाटते तर लिवू द्या. घरी एकल्या राह्यतेत."

मी पुन्हा खाटेवर बसले. चष्मा पेटीतून काढायला बराच वेळ लागला.

"मले नावाचं काही नाई, बाई," ती म्हणाली. "मूलचे लोक चार दिवस हासतीन. रोवनं आलं का टोळी मलेच बलावन, थ्याईले दुसरी कोन हाय? पर आशाची पोरगी मी पाह्यली नाई. थे आता धरून धरून उभी राहत असन. मी यात्रेत गेली आन लोकं पोरीपुढं माह्या नावानं हासले, त आशा काय करन? थे भांडन. मंग सासरी तिलेच भोगा लागते."

दहा दिवस मी प्रतिष्ठा, प्रतिष्ठा करत होते.

"मग तू म्हणशील ते लिहू," मी म्हटले. "जसं बोलशील तसं. एक अक्षर बदलणार नाही."

"माह्या बोलन्याचं नागपूरवाले का करतीन? हासतीन."

"हसू देत. तू बोल."

ती विचार करत राहिली. दूध उतू गेले, दोघींनाही भान नव्हते. मग ती एकदम म्हणाली, "आन मी त्या पडद्याजवळ जाऊन उभी राह्यली त? जवा मी दिसन तवाच म्हनन, थे मीच हावो, माही पात संपली होती. कोन अडवते मले?"

"कोणी नाही. मी शेजारी उभी राहीन."

"तुमी?" तिने माझ्या पायांकडे पाहिले. "रेतीत चालता येते का तुमाले?"

"येत नाही. तू धर."

तेव्हा ती हसली. पडद्यावर हसली होती तशीच, तोंडभर, आणि या वेळी कापायला तिथे कोणी नव्हते.

मंगळवार, १ फेब्रुवारी

आज पत्र पाठवले. नक्कल इथे उतरवून ठेवते.

चालक, धान्यश्री चित्रमंडळ, नागपूर, यांस,

शनिवार, १५ जानेवारी रोजी संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी मूल येथे आपण दाखवलेल्या चित्रपटाबद्दल हे दुसरे पत्र. पहिले माझे होते. हे रुखमाबाईंचे आहे. त्या जसे बोलल्या तसे उतरवले आहे.

"मी रुखमाबाई, सावरटोला. तुमी मले तीन डाव बसलेली दाखवली. मी एकच डाव बसली. माही पात संपली होती म्हून बसली. आमच्यात दुसरीच्या पातीत पाय घालत नाई. बाया वाकून रोवून राह्यल्या त्याच्यात सगळ्यात पुढं मीच हावो, खांद्यावर दोरी हाय, तुमी पाहा. देवाजीच्या नावानं दाखवलेलं धान माह्या बांधीचं हाय, मोहाचं झाड पाहा. वाकडं पऱ्हं मी लावलं, हे खरं हाय. तुमी मांगितलं म्हून लावलं, आन मंग उपटून सरकं केलं. सरकं करतानी तुमी गाडीत बसून गेल्ते. थ्या धानाले काही झालं नाई. सुपभरानं दुसरा नंबर आला. माह्या पोरीच्या सासरी हे सारं सांगा. बस."

रुखमाबाईंनी सही स्वतः केली आहे. धानाबद्दलच्या वाक्याखाली देवाजींची सही आहे.

आता माझे. ते वाकडे रोप लावायला मी, भागीरथा उत्तरवार, निवृत्त मुख्याध्यापिका, आपल्या सांगण्यावरून रुखमाबाईंना भाग पाडले. त्या तुकड्याच्या उजव्या कोपऱ्यात दिसते ती छत्री माझी आहे. चित्रपट दुरुस्त करताना ती कापू नये. आपण कापलेले तुकडे कुठे ठेवता मला ठाऊक नाही, पण निकालाच्या दिवशी तिचे नाव पुकारले गेले ते आपण टिपले होते, मी पाहिले आहे. ते जागेवर लावावे. धुऱ्यावर ती एकदाच बसावी, आणि शेवटीच बसावी. तो तुपाळ आवाज पुन्हा बोलवायचा असेल तर त्याला एवढेच वाक्य द्यावे की तिची पात सगळ्यांत आधी संपली.

हे होईपर्यंत चित्रपट मार्कंड्याच्या यात्रेत दाखवू नये. दाखवलाच तर रुखमाबाई प्रत्येक खेळाला पडद्याशेजारी उभ्या राहून आपली बाजू स्वतः सांगतील, आणि मी त्यांच्याबरोबर असेन. गाडीवाल्याला तसे कळवले आहे. तो अडवणार नाही.

मागच्या खेपेसारखा तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही. आपण काय करणार ते सहीनिशी, शाईने, कागदावर कळवावे. उत्तर माझ्या पत्त्यावर न पाठवता 'रुखमाबाई, मु. सावरटोला' या नावाने पाठवावे. वाचून दाखवायला मी जाईन. ते शनिवार, १२ फेब्रुवारी १९५५ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तिच्या हातात पडले पाहिजे, कारण रविवारी पहाटे आम्ही दोघी मार्कंड्याला निघणार आहोत.